टायमिंग बोटाचं चुकतं की टीव्हीचं?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या व्हिडिओ गेमच्या नव्या आवृत्त्यांवर, म्हणजे रिमेकवर, आलेला लेख वाचला. खानदेशातल्या पेपरात या विषयाला अर्धे पान मिळाले, हे बरेच झाले. पण त्यातल्या एका विधानाशी आमचे पटत नाही. टायमिंगची मारामारी, म्हणजे नेमक्या क्षणी बटण दाबून घाव अडवणे, हा चपळ बोटांचा खेळ आहे आणि तिशी ओलांडलेल्यांनी त्या वाटेला जाऊ नये, असे लेखक म्हणतात. वयाचा यात फारसा संबंध नाही. टायमिंगची मारामारी हे थांबण्याचे काम आहे. आणि जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या गेम झोनमध्ये, म्हणजे तासावर पैसे घेऊन गेम खेळू देणाऱ्या दुकानांत, ज्यांना ती जमत नाही, त्यातल्या बऱ्याच जणांचा हात ठीकच असतो. घोळ असतो तो टीव्हीत, स्पीकरमध्ये, नाहीतर कंट्रोलरमध्ये, म्हणजे हातातल्या बटणांच्या यंत्रात. हे हिशेबासकट मांडतो. पत्र लांबणार आहे, सांभाळून घ्या.

लेखात 'कराटेका'चा उल्लेख होता, तेव्हा तोच धरू. जॉर्डन मेकनरने येल विद्यापीठात शिकत असताना ॲपल टू संगणकासाठी हा गेम केला आणि १९८४ साली ब्रॉडरबंड कंपनीने तो बाजारात आणला. अकुमाने पळवून नेलेल्या मारिकोला सोडवायला नायक किल्ल्यात शिरतो आणि वाटेत एकेक पहारेकरी आडवा येतो, एवढीच गोष्ट. ठोसा आणि लाथ, दोन्ही वर, मध्ये, खाली अशा तीन उंचींवर मारता येत. पण खरी गंमत होती अंतराची. पाऊलभर पुढे, एक लाथ, लगेच मागे. लढायचा पवित्रा न घेता धावत पहारेकऱ्यासमोर गेलात की एका फटक्यात खेळ खलास. उलट शेवटी मारिकोसमोर पवित्रा घेऊन गेलात तर ती स्वतःच लाथ घालून नायकाला आडवे करते. इतका किल्ला चढून आल्यावर हा प्रसाद!

२०१२ च्या रिमेकमध्ये मेकनर स्वतः होता. तिथे उंची आणि अंतराचा हिशेब बाजूला ठेवून सगळा भर घाव अडवण्यावर दिला. समोरचा हात उचलण्याआधी संगीतात सूर वाजतात, आणि त्या सुरांवरून किती घाव येणार ते कळते. प्रत्येक घावाला बटण नव्याने दाबायचे. साखळीतले सगळे अडवले की समोरचा उघडा पडतो, मग आपली पाळी. संगीत क्रिस्टोफर टिन यांचे आहे, आणि ते पार्श्वसंगीत म्हणून ऐकण्याचे नाही. शत्रू काय करणार ते तेच सांगते. मारिकोला सोडवायला नायकही तीन ठेवले आहेत: तिचा प्रियकर, एक भिक्षू आणि एक आडदांड गडी. पहिला पडला की दुसरा पुढे येतो, दुसरा पडला की तिसरा. शेवटपर्यंत प्रियकरालाच पोचवायचे असेल तर अडवण्यात चुका करून भागत नाही. अंतराचा खेळ काढून टाकला हे आम्हाला आजही खटकते. मूळ गेमचा निम्मा जीव त्यात होता. पण कानाला काम दिले ही हुशारी, आणि नेमकी तीच आपल्याकडच्या दुकानांमध्ये मातीत जाते. त्याकडे येतोच.

आधी घाव म्हणजे काय ते पाहू. कुठल्याही गेममधल्या घावाचे तीन तुकडे असतात: उगारणे, लागणे आणि सावरणे. समजा, उगारल्यापासून लागेपर्यंत ६०० मिलिसेकंद जातात, आणि त्यातल्या शेवटच्या १०० मिलिसेकंदांत दाबलेले बटणच गेम मान्य करतो. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रे, धरली तर एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची, म्हणजे आपल्या हातात सहा फ्रेम. आता माणसाचे गणित. डोळ्याने पाहून बोट हलायला धडधाकट माणसाला दोनशे ते अडीचशे मिलिसेकंद लागतात. आवाज ऐकून थोडे कमी. तरुण पोरगा दोनशेत दाबेल, पन्नाशीचे गृहस्थ तीनशेत दाबतील. पण गेमला बटण हवे आहे पाचशे ते सहाशेच्या मध्ये! दोघांकडेही वेळ उरतोच. चपळ पोरगा दोनशेला दाबून मोकळा होतो आणि मार खातो. आखाजीला झोका देणाऱ्या बाईला हे सांगावे लागत नाही. झोका मागे येऊन क्षणभर ठरतो, तेव्हाच ती हात लावते.

बटणे बडवूनही काम होत नाही, त्याचेही कारण साधे आहे. बहुतेक गेममध्ये अडवण्याची हालचाल एकदा सुरू झाली की ती संपेपर्यंत दुसरे बटण घेतले जात नाही. घाईने पहिले दाबले, ते वाया गेले, आणि हात खाली येत असतानाच घाव बसला. मग खेळणारा म्हणतो, 'दाबलं होतं ना!' दाबले होते हे खरे, पण आधी.

रिमेकवाले कुठल्या दिशेने चालले आहेत ते 'रेसिडेंट ईव्हिल ४'मध्ये स्पष्ट दिसते. मूळ गेम २००५ चा. त्यात क्राउझर नावाच्या शत्रूबरोबरची सुरीची लढत म्हणजे पडद्यावर जे बटण उमटेल ते झटकन दाबणे. ती खरी चपळाईची परीक्षा होती, आणि आमच्या मते कंटाळवाणी. २०२३ च्या रिमेकमध्ये तीच लढत सुरीने घाव अडवत खेळायची आहे. एरवीच्या लढाईतही जरा लवकर दाबले तर घाव नुसता अडतो; अगदी शेवटच्या क्षणी दाबले तर समोरचा डळमळतो आणि लाथ घालायची संधी मिळते. सुरी वापराने झिजते आणि व्यापाऱ्याकडून दुरुस्त करून घ्यावी लागते. चेनसॉ, म्हणजे यांत्रिक करवतसुद्धा अडवता येते, पण ती सुरीचा बराच भाग खाऊन जाते. म्हणजे उगाच दाबण्याची किंमत ठेवली आहे आणि थांबण्याचे बक्षीस. जाता जाता: हा गेम १८ वर्षांवरील खेळाडूंसाठी आहे. गेम झोनच्या मालकांनी शाळेच्या गणवेशातल्या पोरांना तो लावून देऊ नये.

आता मूळ मुद्दा. वरचा सगळा हिशेब गेमच्या आतल्या घड्याळाचा झाला. आपण पाहतो तो पडदा, आणि तो त्या घड्याळाच्या मागे चालतो. बटण दाबल्यापासून त्याचा परिणाम पडद्यावर दिसेपर्यंत जो वेळ जातो त्याला खेळणारे लॅग म्हणतात. त्यात कंट्रोलरचा वाटा असतो, गेमचा स्वतःचा दोन-तीन फ्रेमचा, म्हणजे ३० ते ५० मिलिसेकंदांचा, आणि टीव्हीचा. टीव्ही गेम मोडवर, म्हणजे गेमसाठीच्या सेटिंगवर, असेल तर त्याचा वाटा दहा-वीस मिलिसेकंदांवर येतो. तोच टीव्ही दुकानातून आला तसा चकचकीत मोडवर ठेवला, वर चित्र गुळगुळीत करणारी सोय चालू राहिली, तर शंभरच्या आसपास जातो, कधी त्याच्याही वर. समजा, सगळे मिळून १३० झाले. मग वरच्या उदाहरणात बटण दाबायची जागा पाचशे ते सहाशे उरत नाही. पडद्यावर पाहून दाबणाऱ्यासाठी ती ३७० ते ४७० वर सरकते. म्हणजे शत्रूची कुऱ्हाड अजून हवेत वरच आहे, घाव सुरूही झालेला दिसत नाही, आणि आपण अडवायला हवे! गेम झोनमध्ये मागे बसलेला दोस्त कुऱ्हाड खाली येताना पाहून 'आते दाब!' म्हणून ओरडतो. त्याचे डोळे बरोबर आहेत, पण त्या टीव्हीवर त्याचा सल्ला हमखास हरवणारा आहे.

बारकाईने पाहा: दाबायच्या जागेची रुंदी बदललेली नाही. ती शंभर मिलिसेकंदच आहे, नुसती सरकली आहे. म्हणून लॅग सारखा राहिला तर माणूस नकळत जुळवून घेतो. गेम झोनमधल्या मंद टीव्हीवर तरबेज झालेला पोरगा घरी मामाच्या चांगल्या मॉनिटरवर बसला की दर वेळी लवकर दाबतो आणि गेमला शिव्या घालतो. तासाभरात तो तिथेही रुळतो. रुळता येत नाही ते एका गोष्टीला: लॅग कमी-जास्त होत राहिला तर. आता ६०, पुढच्या घावाला १४०, मग ९०. याला कुणाचेच बोट पुरे पडत नाही. लॅग कमी असणे चांगले, पण तो स्थिर असणे त्याहून महत्त्वाचे, हे गेम झोनच्या मालकांनी आधी ध्यानात घ्यावे.

'प्रिन्स ऑफ पर्शिया' खेळलेली पिढी 'आमच्या वेळी अशी भानगड नव्हती' म्हणते, ती अगदीच खोटी नाही. १९८९ चा हा गेमही मेकनरचाच. साठ मिनिटे, बारा पातळ्या, पहिल्याच पातळीत पडलेली तलवार. लढाईत वरच्या बाणाने वार अडवायचा, शिफ्टने मारायचे, खालच्या बाणाने तलवार म्यान करायची. जुन्या पीसीच्या डॉस प्रणालीवरचा तो गेम एरवी सेकंदाला १२ चित्रे दाखवायचा आणि तलवारी भिडल्या की १०. म्हणजे एक चित्र तब्बल शंभर मिलिसेकंद टिकायचे. पण समोर जाड काचेचा नळीवाला मॉनिटर होता, त्याचा स्वतःचा लॅग नसल्यातच जमा, आणि कीबोर्ड वायरचा. चित्रे ढोबळ पण ताल पक्का. म्हणून अडवा-मारा, अडवा-मारा ही लय बोटांत अशी बसली की आजही कुणाला विचारा, तो हवेत दोन बोटे हलवून दाखवेल.

त्याच गेममध्ये पहारेकरी कसे विचार करतात, हेही आता उघड आहे. मेकनरने ॲपल टूचा मूळ प्रोग्राम २०१२ साली सगळ्यांसाठी खुला केला. डॉस आवृत्ती उलगडून हौशी लोकांनी एसडीएलपॉप नावाची मोफत आवृत्तीही केली आहे. त्यात दिसते की प्रत्येक दर्जाच्या पहारेकऱ्याला मारण्याची, पुन्हा मारण्याची, अडवण्याची आणि पुढे सरकण्याची शक्यता वेगवेगळ्या आकड्यांत दिलेली आहे. कुणाचा अडवण्याचा आकडा शून्य, म्हणजे तो वार अडवतच नाही; कुणाचा २५५, म्हणजे सरळ वार त्याच्यावर वायाच जायचा. अशा गड्याला आधी मारायला लावायचे, त्याचा वार अडवायचा आणि तो सावरायच्या आत तलवार घालायची. आणि तिसऱ्या पातळीतला सांगाडा? त्याला तलवारीने मारता येतच नाही, रेटत नेऊन खड्ड्यात पाडावा लागतो. बाराव्या पातळीत स्वतःच्या सावलीशी गाठ पडते, तिथे तलवार म्यान करणे हाच डाव. एसडीएलपॉपमध्ये लढाईचा वेगही बदलता येतो. ज्याला टायमिंग म्हणजे काय ते फुकटात शिकायचे आहे, त्याने कुठलाही महागडा रिमेक घेण्याआधी जुन्या लॅपटॉपवर हा टाकून पाहावा.

लॅग मोजायला यंत्र लागत नाही. स्लो मोशन काढणारा फोन पुरतो. फोन सेकंदाला २४० फ्रेमवर लावा आणि अशा जागी टेकवा की बटणावरचे बोट आणि पडदा दोन्ही एकाच चौकटीत येतील. गेमच्या मेनूत जा, कारण तिथला कर्सर दाबल्याबरोबर हलतो. नायकाच्या हालचालीला स्वतःचा उगारण्याचा वेळ असतो, तो हिशेब बिघडवतो. दहाएक वेळा खालचे बटण दाबा. मग व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत, बटण तळाला टेकल्यापासून कर्सर हलेपर्यंतच्या फ्रेम मोजा. एक फ्रेम म्हणजे ४.२ मिलिसेकंद. बारा फ्रेम आल्या तर ५०, पस्तीस आल्या तर १४६. नंतर टीव्हीचा मोड बदलून पुन्हा मोजा. दोन्हीतला फरक तो निव्वळ टीव्हीचा. आणि दहा वेळचे आकडे एकमेकांपासून फार दूर पडत असतील तर समजा की रोग टीव्हीत नसून कंट्रोलरमध्ये किंवा मशीनच्या तापण्यात आहे. काही स्वस्त फोन मधल्या फ्रेम आपल्या मनाने बनवतात. त्या व्हिडिओत हलत्या बोटाची कड दुहेरी, फिकट दिसते. तो फोन या कामाचा नाही.

टीव्हीचे सेटिंग दोन मिनिटांचे आहे, तरी निम्म्या दुकानांत ते केलेले नसते. पिक्चर मोडमध्ये जाऊन 'गेम' निवडायचे. चित्र गुळगुळीत करणारी सोय वेगळी बंद करावी लागली तर ती सोनीवर मोशनफ्लो, एलजीवर ट्रूमोशन आणि सॅमसंगवर ऑटो मोशन प्लस या नावाने सापडेल. नव्या टीव्हीला नवा कन्सोल, म्हणजे गेमचे मशीन, जोडला तर गेम मोड आपोआप लागतो, पण आपल्याकडे अजून सोनीच्या जुन्या पीएस ४ चे राज्य आहे आणि त्याला ती सोय नाही. हाताने लावावे लागते. इथे एक फसगत हमखास होते. बऱ्याच टीव्हीत हे सेटिंग प्रत्येक एचडीएमआय खाचेसाठी वेगळे असते. कुणीतरी क्रिकेटच्या मॅचसाठी सेट टॉप बॉक्स लावतो, नंतर कन्सोलची वायर शेजारच्या खाचेत घालतो आणि गेम मोड गेला. कुणाच्या लक्षातही येत नाही. खाचेवर रंगीत टेप चिकटवा, विषय संपला.

आवाजाचे प्रकरण याहून वाईट. टीव्हीला ब्लूटूथ स्पीकर जोडून दणदणाट करायची पद्धत सगळीकडे पडली आहे. साध्या ब्लूटूथवर आवाज दीडशे ते अडीचशे मिलिसेकंद मागे येतो. 'कराटेका'च्या रिमेकसारख्या गेममध्ये सूर हीच खूण, आणि तीच उशिरा पोचली तर इशारा वाजेपर्यंत समोरच्याचा हात उठलेलाही असू शकतो. अशा ठिकाणी खेळणारा मग सूर सोडून डोळ्यांवर विसंबतो, डोळ्यांना तर टीव्हीच्या लॅगने आधीच फसवलेले, आणि निष्कर्ष काय, तर 'गेम बेकार आहे'. वायरचा साधा हेडफोन थेट टीव्हीच्या जॅकमध्ये घाला किंवा टीव्हीचेच स्पीकर वापरा. दणदणाट हवाच असेल तर वायरचा स्पीकर घ्यावा.

कंट्रोलरबाबत थोडक्यात. अडवण्याचे बटण बहुधा कंट्रोलरच्या खांद्यावरचे, म्हणजे वरच्या कडेचे, एल १ सारखे असते आणि तेच सगळ्यात आधी ढिले पडते. आतल्या रबराच्या टोपीवरचा काळा थर झिजला किंवा मळला की बटण खोल दाबावे लागते, कधी लागते, कधी लागत नाही. उघडून ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने टोपी आणि खालची पट्टी पुसली तर बऱ्याचदा सुधारते. थर पूर्ण गेला असेल तर रबरपट्टी बदलायची, नवा कंट्रोलर घ्यायची गरज नाही. वायरलेस कंट्रोलर आणि वायफायचा राउटर एकाच टेबलावर ठेवू नका, दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर बोलत असतील तर मधूनमधून बटण उशिरा पोचते. वर म्हटले ते न रुळता येणारे दुखणे हेच. मात्र वायर लावून खेळताना एक पाहावे: काही कंट्रोलर वायर लावल्यावरही ती नुसती चार्जिंगसाठी वापरतात. कन्सोलच्या सेटिंगमध्ये यूएसबीने संपर्क निवडावा लागतो.

आणि मग आपले खानदेशी ऊन. पीएस ४ साठी सोनीने खोलीचे तापमान ५ ते ३५ अंश सांगितले आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो, आणि पत्र्याच्या छताखालच्या गाळ्यात दुपारी तीनला काय होत असेल ते वेगळे सांगायला नको. मशीन तापले की पंखा किंचाळतो. लॅपटॉपचा प्रोसेसर ९५-१०० अंशांच्या आसपास पोचला की स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. फ्रेम ६० वरून ४० वर येतात. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या, पडद्यावर ४० फ्रेम सारख्या बसत नाहीत. एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद टिकते, पुढची ३३.३. ताल लंगडतो. सकाळी अकराला सहज हरवलेला शत्रू दुपारी तीनला अजिंक्य वाटतो, त्याचे हे कारण. अशा वेळी लॅपटॉपवर ग्राफिक्स उतरवून गेम सरळ ३० फ्रेमवर बांधून टाकावा. चित्र कमी गुळगुळीत दिसेल, पण प्रत्येक फ्रेम सारखी पडेल आणि बोट तेवढ्यात जुळवून घेईल. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आसपासच्या दुकानांत पंख्याच्या जाळीवर रुईचा थर बसतो, तो महिन्याला ब्रशने काढायलाच हवा. मशीनच्या मागे वीतभर जागा मोकळी ठेवा. डेझर्ट कूलरचा झोत सरळ मशीनवर सोडू नका. त्या दमट हवेबरोबर आत बसलेली धूळ चिकट होऊन पंख्याला धरते, आणि ती नुसत्या ब्रशने निघत नाही.

सराव कसा करावा हेही लोक विचारतात. पहिला अर्धा तास मारण्याचे बटण दाबूच नये. फक्त अडवायचे. सोपा शत्रू निवडावा, मार खाऊन मेलो तरी चालेल असे ठरवूनच उभे राहावे. नजर शस्त्रावर नको, कारण शस्त्र झपकन फिरते आणि डोळा त्याच्यामागे धावतो. खांदा किंवा कंबर पाहावी. घावाआधी ती वळते आणि तिचा वळण्याचा वेळ दर वेळी तोच असतो. तोंडाने मोजले तर आणखी बरे: उगारला की 'एक', आणि 'दोन'च्या शेवटी बटण. आपण लवकर दाबतो की उशिरा, हे कळण्याची सोपी खूण अशी: मार बसतो तेव्हा नायकाचा हात वरून खाली येत असेल तर लवकर दाबले, हात हललाच नसेल तर उशिरा. नवशिके जवळजवळ नेहमी लवकर दाबतात. उशिरा दाबून मार खायला शिकणे ही पहिली पायरी, कारण त्यानंतर थोडे मागे सरकत नेमकी जागा सापडते. लवकर दाबणारा ती जागा कधी पाहतच नाही. रिमेक करणारे याच खोडीचा फायदा घेतात. काही शत्रू उगारलेला हात मुद्दाम हवेत धरून ठेवतात. त्यांच्यापुढे 'एक-दोन' मोजून चालत नाही, हात प्रत्यक्ष सुटेपर्यंत थांबावे लागते. आणि घावांची साखळी आली की पहिला अडवल्याच्या आनंदात दुसरा विसरू नये. साखळीतले अंतर सहसा सारखे असते, पण शेवटचा घाव बऱ्याचदा लांबवलेला असतो.

या हिशेबात चपळ बोटांची गरज कुठे पडते ते लेखकांनीच दाखवावे. गेम झोनच्या मालकांना मात्र विनंती आहे की तासाचे पैसे घेताय तर गेम मोड, वायरचा आवाज आणि नीट दबणारा एल १ एवढे तरी द्या. आणि खेळायला जाणाऱ्यांनी पैसे देण्याआधी मेनूत जाऊन दोन बटणे दाबून पाहावीत. कर्सर रेंगाळत असेल तर दुसरा टीव्ही मागून घ्यावा.

आपले,
काही गेमप्रेमी वाचक,
भुसावळ

ता. क. – लेखात 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम'चा उल्लेख १९८९ च्या गेमचा रिमेक असा झाला आहे. तो २००३ चा स्वतंत्र गेम. त्याच्या रिमेकची घोषणा सप्टेंबर २०२० मध्ये झाली, तेव्हा ते काम युबीसॉफ्ट कंपनीच्या पुणे आणि मुंबई इथल्या स्टुडिओंकडे होते; मे २०२२ मध्ये ते माँट्रियलला गेले. मराठी वाचकाला यातली पुण्याची बातमी आधी द्यायला हवी होती. १९८९ च्या गेमचा रिमेक म्हणजे २००७ चा 'प्रिन्स ऑफ पर्शिया क्लासिक', तो गेमलॉफ्टचा.